अकरावीची विषयनिवड : ‘नीट’साठी आणि ‘नीट’नंतरच्या वाटांसाठीही

दहावीचा निकाल हाती आला की गोव्यातील अनेक घरांत एक चर्चा हमखास रंगते. मुलाला वा मुलीला डॉक्टर व्हायचे आहे. म्हणजे विज्ञान शाखा आणि विज्ञान शाखेत जीवशास्त्र. इथवर सर्वांचे एकमत असते. मग कोणी तरी विचारते, ‘‘गणित ठेवायचे की सोडायचे?’’ आणि घरातल्या वडीलधाऱ्यांपासून शिकवणीच्या शिक्षकांपर्यंत प्रत्येकाचे मत वेगळे निघते. प्रवेशअर्जाची मुदत तोंडावर आलेली असते. अखेर मैत्रिणीने जे घेतले ते, किंवा विद्यालयात ज्या तुकडीत जागा उरली ते, अशी निवड होऊन जाते. पंधरा-सोळाव्या वर्षी घाईगर्दीत भरलेला हा रकाना पुढे कोणती दारे उघडी राहतील आणि कोणती मिटतील, हे ठरवत असतो. त्यामुळे त्याचा विचार थोडा सावकाश करायला हवा.

या लेखाचे म्हणणे थोडक्यात असे आहे. विषय निवडताना वैद्यकीय प्रवेश मिळेल त्या दिवसाइतकाच, तो न मिळाल्यास उजाडणाऱ्या दिवसाचाही विचार करावा. आणि जीवशास्त्र घेतले म्हणजे वैद्यकाची तयारी झाली, हा समज अकरावीच्या पहिल्याच आठवड्यात सोडून द्यावा.

नियम नेमके काय मागतात?

परदेशी स्थायिक झालेल्या नातेवाइकांकडून काही वेळा निराळीच माहिती कानांवर येते. अमेरिकेत विद्यार्थी आधी महाविद्यालयीन पदवी घेतो, त्या काळात जीवशास्त्र, सामान्य व सेंद्रिय रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र असे ठरावीक अभ्यासक्रम पुरे करतो आणि मग वैद्यकीय विद्यालयाची प्रवेशपरीक्षा देतो. तिथे ही निवड अठराव्या-विसाव्या वर्षी होते. आपल्याकडे एमबीबीएसचा प्रवेश थेट बारावीनंतर असल्यामुळे तीच निवड दहावीनंतर, सुटीच्या दोन-तीन आठवड्यांत करावी लागते. तिथला सल्ला इथे जसाच्या तसा लागू पडत नाही.

आपल्याकडचा नियम सरळ आहे. एमबीबीएससाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान आणि इंग्रजी हे विषय घेऊन उत्तीर्ण व्हावे लागते. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वयाची १७ वर्षे पूर्ण व्हावी लागतात. कमाल वयाची अट आता राहिलेली नाही. याशिवाय ‘नीट’ ही राष्ट्रीय प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. पूर्वी गोव्यातील वैद्यकीय प्रवेश राज्याच्या स्वतःच्या सामायिक परीक्षेवर होत. आता देशभर ही एकच परीक्षा आहे. दंतवैद्यक, आयुर्वेद आणि होमिओपॅथी या अभ्यासक्रमांचे दारही तिथूनच उघडते. वर्गवारीनुसार लागणारे किमान गुण, राज्य कोट्यासाठी वास्तव्याच्या आणि गोव्यातील शिक्षणाच्या अटी हा सारा तपशील तंत्रशिक्षण संचालनालयाच्या त्या त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत असतो. मुलाला अकरावी-बारावीसाठी राज्याबाहेर पाठवण्याचा विचार करणाऱ्या पालकांनी तर ही पुस्तिका आधी वाचावी आणि मगच पुढचे पाऊल टाकावे.

नियमांत गणिताचे नाव कुठेही नाही, हे लक्षात आले असेलच. ‘डॉक्टर व्हायचे तर गणित सोडून दिले तरी चालते’ हे वाक्य नियमापुरते खरे आहे. ते किती खरे आहे, याकडे पुढे वळू.

अकरावीत जीवशास्त्र न घेतलेल्यांसाठीही एक खिडकी आता उघडली आहे. बारावीनंतर जीवशास्त्र हा अतिरिक्त विषय म्हणून उत्तीर्ण झालेल्यांनाही ‘नीट’ देता येईल, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर केले. उशिरा मन बदललेल्यांना हा दिलासा आहे. मात्र दोन वर्षांचे जीवशास्त्र बारावीनंतर स्वतःच्या बळावर शिकणे सोपे नाही. मनात वैद्यकाचा विचार थोडा जरी असेल, तर जीवशास्त्र अकरावीतच घेतलेले बरे.

सातशे वीस गुणांचा हिशेब

‘नीट’मध्ये १८० प्रश्न आणि तेवढीच मिनिटे असतात. बरोबर उत्तराला चार गुण, चुकलेल्या उत्तराचा एक गुण वजा, एकूण गुण ७२०. त्यांतील ९० प्रश्न, म्हणजे ३६० गुण जीवशास्त्राचे. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र यांना प्रत्येकी ४५ प्रश्न, म्हणजे १८० गुण. दोघांचे एकूण गुण सारखे आले तर आधी जीवशास्त्राचे, मग रसायनशास्त्राचे आणि त्यानंतर भौतिकशास्त्राचे गुण पाहिले जातात.

हे आकडे पाहून विद्यार्थी म्हणतो, निम्मे गुण जीवशास्त्राचे. तेव्हा सारा भर तिथेच द्यावा. गल्लत इथेच होते. जीवशास्त्र मनापासून करणारे विद्यार्थी लाखांनी आहेत आणि पाठ्यपुस्तक ओळीओळीने वाचलेल्या बहुतेकांना त्यात चांगले गुण मिळतात. म्हणजे गंभीर स्पर्धकांत जीवशास्त्राने फारसा फरक पडत नाही. फरक पाडतात ते उरलेले दोन विषय. समजा, एका विद्यार्थिनीने जीवशास्त्रात ३३०, रसायनात ९० आणि भौतिकशास्त्रात ५० गुण मिळवले. बेरीज झाली ४७०. दुसरीचे जीवशास्त्र थोडे कमी, ३०० गुणांचे; पण रसायनात १२५ आणि भौतिकशास्त्रात ११०. तिची बेरीज ५३५ होते. जीवशास्त्रात ३० गुणांनी मागे असलेली मुलगी एकूणात ६५ गुणांनी पुढे गेली. गेली काही वर्षे वीस लाखांहून अधिक विद्यार्थी बसत आलेल्या परीक्षेत ६५ गुणांचे अंतर म्हणजे हजारो क्रमांकांचे अंतर.

वेळेचा हिशेबही असाच आहे. प्रश्नामागे सरासरी एक मिनिट मिळते. जीवशास्त्राचा प्रश्न वाचताक्षणी उत्तर आठवते किंवा आठवत नाही. तिथे अर्धे मिनिट पुरते. भौतिकशास्त्रात आकृती मनासमोर आणायची, सूत्र निवडायचे, आकडेमोड करायची आणि तीही गणकयंत्राविना. म्हणून जीवशास्त्राची तयारी अशी हवी की त्यात वाचलेली मिनिटे भौतिकशास्त्राला देता येतील.

अकरावी : दुर्लक्षित राहणारा अर्धा भाग

बारावीची परीक्षा मंडळाची, अकरावीची परीक्षा विद्यालयाची. या फरकामुळे आपल्याकडे अकरावीचे वर्ष विसाव्याचे मानण्याची रीत पडली आहे. दहावीचा ताण नुकताच संपलेला असतो, नवे विद्यालय, नवे मित्र, आणि ‘खरा अभ्यास बारावीत’ हे वडिलधाऱ्यांचेही आश्वासन असते. वैद्यकाकडे जाणाऱ्या विद्यार्थ्याला हे आश्वासन महागात पडते. ‘नीट’चा जवळपास निम्मा अभ्यासक्रम अकरावीचा आहे. गतिशास्त्र, कार्य आणि ऊर्जा, द्रवांचे गुणधर्म, उष्मागतिकी हे भौतिकशास्त्रातील भाग. मोल संकल्पना, रासायनिक बंध, समतोल आणि सेंद्रिय रसायनाची तत्त्वे हे रसायनातील भाग. पेशी, वनस्पती आणि मानवी शरीरक्रिया हे जीवशास्त्रातील भाग अकरावीतच शिकवले जातात. बारावीत ते पुन्हा शिकवायला कोणी येत नाही.

शिवाय बारावीचे रसायन अकरावीच्या पायावरच उभे असते. मोल संकल्पना कच्ची राहिली तर बारावीतील द्रावणे आणि विद्युत्‌रसायन ही प्रकरणे केवळ सूत्रांची यादी वाटतात. सेंद्रिय रसायनात इलेक्ट्रॉन कोठून कोठे जातात हे अकरावीत समजले नाही, तर बारावीतील शेकडो अभिक्रिया पाठ करण्यावाचून गत्यंतर उरत नाही, आणि पाठ केलेल्या अभिक्रिया परीक्षेच्या दिवशी एकमेकींत मिसळतात.

गोव्यातील विद्यार्थ्यांच्या बाजूने एक गोष्ट आहे. आपल्या मंडळाच्या विज्ञान शाखेत एनसीईआरटीची पाठ्यपुस्तके वापरली जातात आणि ‘नीट’चे जीवशास्त्र मुख्यतः त्याच पुस्तकांवर आधारलेले असते. मंडळाची परीक्षा आणि प्रवेशपरीक्षा असे दोन निराळे अभ्यास करण्याचे कारण नाही. दोहोंचे पुस्तक एकच. फक्त वाचण्याची पद्धत दुहेरी हवी. मंडळासाठी उत्तर मांडता आले पाहिजे, तर ‘नीट’साठी त्याच पानावरील आकृतीखालची ओळदेखील नजरेतून सुटता कामा नये.

पाठ्यपुस्तकाला मर्यादाही आहेत. अलीकडच्या काटछाटीत अकरावीच्या पुस्तकातून ‘पचन आणि शोषण’ हे प्रकरण वगळले गेले आणि २०२४ च्या ‘नीट’पासून ते प्रवेशपरीक्षेच्या अभ्यासक्रमातूनही गेले. परीक्षेपुरता तो भाग सोडता येईल. पण पोटदुखीची तक्रार घेऊन रुग्ण यायचा थांबणार नाही. ज्याला खरोखर डॉक्टर व्हायचे आहे त्याने असे एखादे प्रकरण सुटीत जुने पुस्तक मिळवून वाचावे. त्यासाठी एक दुपार पुरते, आणि आपल्याला हा विषय गुणांविनाही वाचावासा वाटतो का, हेही त्यातून कळते.

हे विषय वैद्यकात पुन्हा भेटतात

भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र हे ‘नीट’चा अडथळा ओलांडण्यापुरते आहेत, एकदा प्रवेश मिळाला की त्यांचा संबंध संपतो, असे अनेकांना वाटते. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र आणि जीवरसायनशास्त्र हे मुख्य विषय असतात. त्यांतील दुसरा विषय जागोजागी भौतिकशास्त्राचा आधार घेतो आणि तिसरा रसायनशास्त्राचा.

शिरेतून दिल्या जाणाऱ्या सलाईनचेच पाहा. ‘नॉर्मल सलाईन’ म्हणजे ०.९ टक्के मिठाचे द्रावण. एका लिटरमध्ये ९ ग्रॅम सोडियम क्लोराईड. त्याचे रेणुभारमान सुमारे ५८.५ असल्यामुळे एका लिटरमध्ये सुमारे १५४ मिलिमोल मीठ होते. हेच प्रमाण का, साधे पाणी थेट शिरेत का देत नाहीत, या प्रश्नाचे उत्तर परासरणात आहे. पातळ द्रावणातून पाणी तांबड्या पेशींत शिरते आणि त्या फुगून फुटतात. अकरावीची मोल संकल्पना, बारावीचे द्रावणांचे प्रकरण आणि जीवशास्त्रातील पेशीपटल ही तिन्ही त्या एका बाटलीत एकत्र येतात.

रक्तवाहिनीचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. नळीतून वाहणाऱ्या द्रवाचा प्रवाह, बाकी सारे तेच राहिल्यास, नळीच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात बदलतो. धमनीची त्रिज्या निम्मी झाली तर प्रवाह निम्मा होत नाही. तो सोळाव्या हिश्श्यावर येतो. हृदयाच्या वाहिनीतील थोड्याशा अरुंदपणालाही डॉक्टर इतके गंभीर का मानतात, याचे उत्तर या एका नियमात सापडते.

आणखीही कितीतरी आहे. रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्ट्यात राखणारी बफर यंत्रणा ही रासायनिक समतोलाचीच गोष्ट. विश्रांत अवस्थेतील चेतापेशीच्या आत सुमारे उणे ७० मिलिव्होल्ट इतका विभव असतो. तो समजून घ्यायला विद्युत्‌रसायनातील नर्न्स्टचे समीकरण लागते. हृदयाची अनियमित धडधड थांबवण्यासाठी विजेचा झटका देणारे यंत्र आपली ऊर्जा संधारित्रात साठवते. पन्नास सेंटिमीटर नाभीय अंतराचे भिंग म्हणजे दोन डायॉप्टरचा चष्मा. औषधाचे अर्धायुष्य हे किरणोत्सर्गाच्या अर्धायुष्यासारखेच मोजतात. चार अर्धायुष्ये उलटली की शरीरात मूळ मात्रेचा सोळावा भाग, म्हणजे सव्वासहा टक्के उरतो. पुढची गोळी किती तासांनी द्यायची, हे ठरवताना हा हिशेब लागतो.

अकरावीच्या विद्यार्थ्याला हे सारे आत्ताच कळायला हवे असे नाही. मात्र समोरचे प्रकरण पुढे कोणत्या खाटेपाशी उपयोगी पडणार आहे, हे एखाद्या शिक्षकाने सांगितले तर भौतिकशास्त्राकडे पाहण्याची नजर बदलते.

गणित ठेवावे की सोडावे?

आता मुख्य वादाकडे येऊ. आपल्या मंडळाच्या विज्ञान शाखेत भाषांच्या जोडीला जे विषय घ्यायचे, त्यांत वैद्यकाकडे निघालेल्यांचे भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र ठरलेले असते. उरलेल्या जागी गणित घ्यावे, की संगणकशास्त्र, भूशास्त्र असा एखादा दुसरा विषय, हा खरा प्रश्न. सर्व विद्यालयांत सर्व जोड्या मिळत नाहीत, हेही खरे.

गणित सोडण्याच्या बाजूचा मुद्दा वजनदार आहे. गणित वेळ मागते. रोजचा तास-दीड तास सरावाला दिल्याशिवाय बारावीचे गणित आवाक्यात राहत नाही, आणि तेवढा वेळ भौतिकशास्त्राच्या उदाहरणांना दिला तर त्याचा थेट लाभ ‘नीट’मध्ये होतो. दहावीपर्यंत ज्या मुलांना गणिताने सतत घाबरवले, त्यांना आणखी दोन वर्षे त्या ओझ्याखाली वाकवणे शहाणपणाचे नाही. उरलेल्या तिन्ही विषयांवर त्याची सावली पडते.

गणित ठेवण्याच्या बाजूने तीन कारणे देता येतील. पहिले कारण भौतिकशास्त्राचे. अकरावीच्या सुरुवातीलाच सदिश, त्रिकोणमिती, विकलन अशी गणिती हत्यारे भौतिकशास्त्रात वापरली जातात. गणिताच्या वर्गात ती सवडीने शिकवली जातात. जीवशास्त्राच्या तुकडीतील विद्यार्थ्याला ती भौतिकशास्त्राच्या तासाला घाईने उचलावी लागतात. गणित सोडणाऱ्याने म्हणूनच अकरावीच्या पहिल्या दोन महिन्यांत चार गोष्टी वेगळ्या वेळ देऊन शिकाव्यात : लॉगॅरिदम, त्रिकोणमितीची मूलभूत गुणोत्तरे, सदिशांची बेरीज व गुणाकार, आणि सोप्या फलांचे विकलन व संकलन. एवढी शिदोरी असेल तर गणिताविना भौतिकशास्त्र अडत नाही.

दुसरे कारण वैद्यकाच्या व्यवहाराचे. डॉक्टरला रोज तपासण्यांच्या अहवालांवरून निर्णय घ्यावे लागतात. समजा, एखादा आजार हजारात एकाला आहे. चाचणी आजारी माणसांपैकी ९९ टक्क्यांना बरोबर पकडते आणि निरोगी माणसांपैकी एक टक्क्याला चुकून आजारी ठरवते. एखाद्या व्यक्तीची चाचणी सकारात्मक आली, तर तिला तो आजार असण्याची शक्यता किती? बहुतेक जण ९९ टक्के म्हणतील. हिशेब करून पाहू. एक लाख लोकांत शंभर जण आजारी. त्यांपैकी ९९ जणांची चाचणी सकारात्मक येईल. उरलेले ९९,९०० निरोगी. त्यांपैकी एक टक्का म्हणजे ९९९ जणांची चाचणीही सकारात्मक येईल. एकूण १,०९८ सकारात्मकांत खरे आजारी ९९. म्हणजे शक्यता जेमतेम नऊ टक्के. असा हिशेब करायला शिकवणारा बेजचा प्रमेय बारावीच्या गणितात, संभाव्यतेच्या प्रकरणात आहे. जीवशास्त्राच्या पुस्तकात तो नाही.

तिसरे कारण सर्वांत व्यावहारिक आणि या लेखाच्या मुख्य मुद्द्याशी जोडलेले आहे. ते म्हणजे बंद होणारी दारे. बारावीला गणित नसेल तर अभियांत्रिकीच्या मुख्य शाखा, वास्तुशास्त्र, राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून हवाई दल वा नौदल, आणि गोव्यातील अनेक घरांना जवळची असलेली मर्चंट नेव्हीतील अधिकाऱ्याची वाट, ही दारे सहसा मिटतात. तारवटी घराण्यातील मुलाने केवळ ‘डॉक्टर व्हायचे’ म्हणून गणित सोडले आणि पुढे प्रवेश हुकला, तर आजोबा-वडिलांच्या परिचयाची वाटही त्याच्यासाठी बंद झालेली असते.

मग निर्णय कसा घ्यावा? दहावीपर्यंत गणित सहज जमत असेल आणि आवडत असेल, तर ते ठेवावे. मात्र ते बारावीत समाधानकारक गुण मिळवण्यापुरते ठेवावे. अभियांत्रिकीची राष्ट्रीय प्रवेशपरीक्षा आणि ‘नीट’ या दोन्हींची सर्वोच्च पातळीवरची तयारी एकाच वेळी करण्याचा अट्टाहास धरू नये; त्यात बहुधा दोन्ही हातचे जातात. गणित जमत नसेल तर ते निर्धास्तपणे सोडावे, पण वर सांगितलेली चार हत्यारे शिकून घ्यावीत आणि गणिताविना कोणत्या वाटा उरतात हे आधी पाहून ठेवावे. ‘सगळे ठेवतात म्हणून ठेवले’ आणि ‘डॉक्टरला कशाला लागते म्हणून सोडले’, ही दोन्ही कारणे सारखीच कच्ची आहेत.

जागा मोजक्या, वाटा अनेक

गोव्यात एमबीबीएस म्हटले की नजर बांबोळीच्या गोमेकॉकडे जाते. १८४२ मध्ये सुरू झालेल्या पोर्तुगीजकालीन वैद्यकीय विद्यालयाचा वारसा असलेली ही संस्था मुक्तीनंतर, १९६३ मध्ये गोवा वैद्यकीय महाविद्यालय झाली. तिथल्या एमबीबीएसच्या जागा दोनशेच्या घरात आहेत आणि त्यांतील १५ टक्के अखिल भारतीय कोट्यात जातात. उरलेल्या जागांसाठी राज्यातील विज्ञान शाखेचे अनेक गुणवंत विद्यार्थी रांगेत असतात. शेजारच्या सिंधुदुर्गातील वा बेळगावातील शासकीय महाविद्यालयात गोव्याचा विद्यार्थी साधारणपणे अखिल भारतीय कोट्यातूनच जाऊ शकतो, आणि तिथली स्पर्धा साऱ्या देशाशी असते. खासगी महाविद्यालयांचे शुल्क सर्वांना पेलणारे नाही.

हे सांगण्याचा हेतू कोणाला नाउमेद करण्याचा नाही. वैद्यकीय प्रवेशाची आस धरणाऱ्यांतील बहुसंख्य विद्यार्थ्यांना एमबीबीएसची जागा मिळत नाही, ही वस्तुस्थिती आहे आणि ती अकरावीच्या आरंभीच मान्य केली तर बारावीनंतरचा धक्का सोसता येतो. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र घेणाऱ्यापुढे गणिताविनाही कितीतरी वाटा असतात. बांबोळीलाच दंत महाविद्यालय आहे. शिरोड्याला आयुर्वेद आणि होमिओपॅथीची महाविद्यालये आहेत. धारगळला अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचे केंद्र आले आहे. परिचर्या, भौतिकोपचार, प्रयोगशाळा तंत्रज्ञान आणि क्ष-किरणासारख्या प्रतिमाचिकित्सेचे अभ्यासक्रम, औषधनिर्माणशास्त्र, कृषी, मत्स्यविज्ञान हे सारे याच विषयांवर उभे आहे. प्राणिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान वा जीवरसायनशास्त्रात पदवी घेऊन संशोधनाकडे वळता येते.

या वाटांना ‘डॉक्टर होता आले नाही म्हणून’ घेतलेल्या वाटा म्हणण्याची सवय आपण सोडायला हवी. कोविडच्या काळात रुग्णालये चालली ती डॉक्टरांइतकीच परिचारिकांच्या आणि प्रयोगशाळेत रात्रंदिवस नमुने तपासणाऱ्या तंत्रज्ञांच्या बळावर. अकरावीतल्या मुलाने यांतील दोन वाटा आधीच पाहून, समजून ठेवल्या असतील, तर निकालाच्या दिवशी त्याच्यापुढे निर्णयाचा प्रश्न असतो. नाही तर केवळ अंधार असतो.

पुन्हा परीक्षा देण्याबाबतही आधीच मर्यादा ठरवावी. ‘नीट’ किती वेळा द्यावी याला बंधन नाही आणि कमाल वयाची अटही उरलेली नाही. ही सवलत अनेकांना उपकारक ठरते, पण तिच्या आधाराने काही विद्यार्थी एकामागून एक वर्षे घरात बसून काढतात. पहिल्या प्रयत्नात थोडक्यात संधी हुकली असेल, नेमके काय कमी पडले हे ठाऊक असेल, तर एक वर्ष थांबणे योग्य आहे. भौतिकशास्त्राचा पायाच कच्चा असेल आणि तो पक्का करण्याची निराळी योजना नसेल, तर दुसरे वर्ष बहुधा पहिल्याचीच पुनरावृत्ती होते. अशा वेळी पदवीला प्रवेश घेऊन एक प्रयत्न करणे अधिक हिताचे. निदान वर्ष वाया जात नाही आणि समवयस्कांचा सहवास तुटत नाही.

विद्यालय, प्रयोगशाळा आणि भाषा

विषयांइतकीच विद्यालयाची निवड महत्त्वाची. हजेरीपुरते विद्यालयात नाव घालून दिवसभर शिकवणीवर्गात बसवण्याची पद्धत देशात फोफावली आहे. तिथे प्रश्न सोडवण्याचा वेग वाढतो, पण प्रयोगशाळा हातून जाते. सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याच्या सालीतील पेशी स्वतः पाहणे, अनुमापनात एका थेंबाने रंग बदलताना पाहणे, भिंगाचे नाभीय अंतर मोजताना आपली मोजणी का चुकली याचा शोध घेणे, हे शिक्षण पर्यायी उत्तरांच्या कागदावर मिळत नाही. निरीक्षण नोंदवणे आणि ते पडताळून पाहणे हेच पुढे डॉक्टरचे रोजचे काम असते.

प्रवेशापूर्वी पालकांनी विद्यालयात जाऊन काही साधे प्रश्न विचारावेत. भौतिकशास्त्राला कायमस्वरूपी शिक्षक आहेत का? प्रयोग विद्यार्थी स्वतः करतात की दाखवले जातात? हव्या त्या विषयांची जोडी मिळते का? सुरुवातीला घेतलेला विषय बदलता येतो का आणि किती दिवसांत? घरापासूनचा प्रवास किती? पेडणे वा काणकोणातून रोज दोन-अडीच तास बसप्रवासात घालवणाऱ्या मुलाला नामांकित विद्यालयापेक्षा जवळचे बरे विद्यालय अधिक लाभदायक ठरू शकते.

भाषेचा मुद्दाही दुर्लक्षिला जातो. घरी मराठी-कोकणी बोलणाऱ्या मुलांना अकरावीत विज्ञान इंग्रजीतून शिकताना पहिले काही महिने जड जातात. व्याख्या पाठ होते, अर्थ मात्र लागत नाही. अशा वेळी प्रत्येक नवी संकल्पना एकदा आपल्या भाषेत स्वतःशी सांगून पाहावी. परासरण म्हणजे काय, हे आजीला मराठीत समजावता आले तर ते खरोखर समजले. हीच सवय पुढे उपयोगी पडते, कारण वैद्यकाची पुस्तके इंग्रजीत असली तरी रुग्ण आपली व्यथा मराठीत, कोकणीत वा हिंदीत सांगतो. दुसरी भाषा निवडताना ‘गुण कोणत्या भाषेत जास्त मिळतात’ एवढेच पाहणाऱ्यांनी हाही विचार करावा.

अर्ज भरण्यापूर्वी

रकान्यावर खूण करण्याआधी मुलाने आणि पालकांनी एकत्र बसून पाच प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहावीत.

१. डॉक्टर व्हावेसे कोणाला वाटते : मुलाला की घराला? एमबीबीएसची साडेचार वर्षे, एका वर्षाची आंतरवासिता आणि पदव्युत्तर शिक्षणाची आणखी तीन वर्षे हा प्रवास दुसऱ्याच्या इच्छेवर पार पडत नाही.

२. भौतिकशास्त्रासाठी रोज वेळ देण्याची तयारी आहे का? याचे उत्तर ‘नाही’ असेल, तर जीवशास्त्राची आवड एकटी पुरणार नाही.

३. गणित ठेवण्याचे वा सोडण्याचे कारण आपल्याला एका वाक्यात सांगता येते का?

४. एमबीबीएसला प्रवेश मिळाला नाही तर कोणत्या दोन वाटा आपल्याला मनापासून चालतील, आणि निवडलेल्या विषयांतून त्या खुल्या राहतात का?

५. ‘नीट’ किती वेळा द्यायची?

ही उत्तरे सहा महिन्यांनी पुन्हा काढून वाचावीत. तोवर अकरावीचे पहिले सत्र संपलेले असेल आणि आपला कल कोणत्या विषयाकडे आहे हे मुलाला स्वतःलाच कळू लागलेले असेल. पहिल्या उत्तरात बदल झाला, तर त्यात कमीपणा नाही. रुग्णाला पाहून झाल्यावर नवी लक्षणे दिसली तर निदान बदलण्याचे धैर्य डॉक्टरला दाखवावे लागते. आपल्या वाटेबद्दल तेच धैर्य सोळाव्या वर्षी दाखवता आले, तर ती मोठीच तयारी म्हणायची.